सबनीसांची गोगलगाय

कुवेतमध्ये अबू हलीफातल्या आमच्या इमारतीत उन्हाळ्याच्या एखाद्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून "गोगलगाय! गोगलगाय!" अशी आरोळी आली, की नवा भाडेकरू दचकायचा. आम्ही चपला घालून वर निघायचो.

सबनीस मूळचे नाशिकचे. रिफायनरीत इंजिनिअर, लग्न केलेलं नाही. एका इटालियन सहकाऱ्याने त्यांना सिएना गावच्या घोड्यांच्या शर्यतीचं वेड लावलं आणि गच्चीवर डिश आली. ढोल, निशाणं, चिलखतं घातलेले लोक, अशी मिरवणूक संपता संपत नाही. शर्यत मात्र जेमतेम दीड मिनिटाची. "लग्नासारखंच," हे ब्रह्मचारी समजावायचे, "वरात मोठी, मुहूर्त क्षणाचा!"

तिथे मोहल्ल्यांना प्राण्यांची नावं असतात. सबनीसांनी आमचे मजलेच वाटून टाकले. पहिला हंस, दुसरा कासव, तिसरा अर्थात गोगलगाय. कासवाचं आणि गोगलगायीचं पिढीजात वैर, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या मला शर्यतीच्या दिवशी चहा नसायचा. जेवायला मात्र आग्रह करकरून वाढायचे.

"आणि स्वार पडला तरी बिघडत नाही, कुलकर्णी. एकटा घोडा पोचला तरी जिंकतो. घोडा महत्त्वाचा!" वाढता वाढता ते मला सांगायचे.

नवरा-बायको वेगळ्या मोहल्ल्यांतले असतील, तर शर्यतीच्या दिवसांत तिथली बायको माहेरी जाते म्हणे. आमच्या बायका सुट्टीत पोरांना घेऊन भारतातच असायच्या. अख्खी इमारत खिचडीवर, आणि रोज संध्याकाळी सबनीसांकडे मैफल. बायका-पोरं परतली की आमची दारं लागायची. मग वर कोणी फिरकत नसे.

एका ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या घरच्यांना परतीची तिकिटं लवकरची मिळाली होती. शर्यतीनंतर दोन दिवसांत घरं भरणार होती. आम्ही टीव्हीपुढे बसलो आणि सिएनात धो धो पाऊस सुरू झाला. शर्यत दुसऱ्या दिवसावर गेली. आम्ही चरफडलो. गोगलगायीचा घोडा यंदा जोरात होता, मला वाटलं सबनीस आता डोकं धरून बसणार. ते टाळ्या वाजवत उठले.

"छान! म्हणजे उद्या परत यायचं सगळ्यांनी. मी पुलाव करतो."

"आणि उद्याही पाऊस पडला तर?" मी चिडवलं.

सबनीस भांडी उचलता उचलता थांबले. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"पडेल का हो, कुलकर्णी?" त्यांनी हळूच विचारलं.