विर्योनो यांचा राखीव गाल

सालातिगा गावात, डोंगराकडे चढत जाणाऱ्या एका गल्लीत, विर्योनो नावाच्या गृहस्थांना दाढी येत असे. रोज येत असे. ही गोष्ट बेकायदा नव्हती आणि तोपर्यंत तिच्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती.

गल्लीतल्या बाकीच्या पुरुषांना दाढी अशी येतच नसे. कोणाच्या हनुवटीवर चार केस, कोणाच्या ओठावर दोन, आणि तेही अबोला धरल्यासारखे लांब लांब. संध्याकाळी ओसरीवर गप्पा मारता मारता दोन नाण्यांच्या चिमटीत केस धरायचा, उपटायचा, "आई गं" म्हणायचं आणि पुढच्या विषयावर यायचं, एवढाच त्यांचा दाढीशी संबंध. विर्योनो सकाळी गुळगुळीत गालांनी सायकल दुरुस्तीचं दुकान उघडत आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत गालांवर पुन्हा काळपट सावली धरलेली असे. ही देणगी आईकडून आली की वडिलांकडून, याची जबाबदारी घराण्यात कोणी घेतली नव्हती.

आणि हा माणूस त्या दाढीवर चक्क खूश होता. पहाटेची नमाज झाली की मागच्या पडवीत खुर्ची, खांबाला आरसा, कपात कढत पाणी आणि त्यात ब्रश भिजत. मग वाटीतल्या साबणावर ब्रश गोल गोल फिरवायचा. घाई नाही. फेस कवडीच्या दह्याइतका घट्ट झाला पाहिजे. तो ऊन फेस गालावर चढला की विर्योनोंचे डोळे आपोआप मिटत. मग जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेला जड मुठीचा रेझर. त्याला दाबावं लागत नसे. नुसता टेकवला की आपल्याच वजनानं खाली येई आणि खुंटांवरून जाताना कुर्र कुर्र असा बारीक आवाज करी. एकदा सरळ हात, एकदा उलटा, मग गार पाणी, तुरटीचा खडा, आणि शेवटी गालावरून तळहात फिरवून बघणं. हे हात फिरवणं तर इतकं अंगवळणी पडलं होतं की दुकानात चेन चढवतानाही त्यांचा हात मध्येच गालाकडे जाई आणि गालावर वंगणाचा पट्टा उठे.

एके दिवशी कुंपणावरून सास्त्रोसाहेबांनी डोकावलं. सास्त्रोसाहेब जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतरही त्यांच्याकडे अध्यक्षपद तयार होतं, फक्त त्याला लागणारी संस्था मिळत नव्हती.

"काय हो विर्योनो, रोज बघतो मी तुम्हाला. एवढं काय मिळतं त्यात?"

"मिळतं कसलं, साहेब! नुसतं बरं वाटतं."

"नुसतं?"

"या की, बसा. लावून बघा थोडा फेस."

हे विर्योनोंनी बोलायला नको होतं. सास्त्रोसाहेब येऊन बसले. फेस लागला. साहेबांचे डोळे मिटले, ओठ सैल पडले, आणि कचेरीत इतकी वर्षं काढूनही जे कधी दिसलं नव्हतं ते चेहऱ्यावर दिसू लागलं. म्हणजे समाधान. बराच वेळ ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी डोळे उघडले आणि गंभीरपणे म्हणाले, "विर्योनो, हे सुख असं असंघटित राहता कामा नये."

पुढचा महिना उलटायच्या आत 'पारंपरिक ओली दाढी संवर्धन मंडळ' स्थापन झालं. गल्लीच्या तोंडाशी फलक लागला. मंडळाचा बाटिकचा सदरा ठरला, त्यावर ब्रश आणि वस्तऱ्याची नक्षी. सास्त्रोसाहेब अध्यक्ष झाले. खजिनदार, सहखजिनदार, फेस विभागप्रमुख, तुरटी विभागप्रमुख नेमले गेले. सामान्य सभासद म्हणून एकटे विर्योनो उरले, तेव्हा त्यांचा खास सत्कार करण्यात आला.

सभासदांनी खरेदीचा सपाटा लावला. कुठल्या कुठल्या परदेशी जनावरांच्या केसांचे ब्रश आले. चंदनाचे, लवंगेचे, कॉफीचे साबण आले. चामड्याचे पट्टे आले, आणि त्यांच्यावर वस्तऱ्याला धार लावायची असते हे कळेपर्यंत ते कमरेला बांधून झाले. सगळ्यांत जास्त रेझर बायूकडे. बायू हा कॉलेज संपवून घरी बसलेला मुलगा. दाढी म्हणावी तर त्याच्या उजव्या गालावरच्या तिळातून आलेला एक केस. तो केस बायू जपून वापरत असे.

मतदानाची पद्धतही पारंपरिक ठरली. हात वर करणं ही कचेरीची रीत. मंडळात ज्याला ठराव मान्य असेल त्यानं गालावरून हात फिरवायचा. विर्योनोंनी या पद्धतीला बसल्या जागी सहज पाठिंबा दिला. म्हणजे त्यांचा हात आपला गेला.

मग पहिली अडचण उघडकीला आली. दर सभेला सगळे सभासद फेस लावून बसत आणि रेझरनं फेस काढत. खाली फक्त फेसच निघे. सास्त्रोसाहेबांनी अहवाल मांडला, "साधनसामग्री समाधानकारक. उत्साह समाधानकारक. प्रत्यक्ष दाढीचा मात्र तीव्र तुटवडा जाणवतो."

सगळ्यांच्या माना एकदम विर्योनोंकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" विर्योनो म्हणाले.

"अहो, गल्लीत एवढं उत्पादन असताना ते एकट्यानं वापरायचं, हे शोभतं का?" तुरटी विभागप्रमुख म्हणाले. "आमची बायको तिच्या भिशीत सगळ्यांना पाळीपाळीनं संधी देते. तुम्ही रोज एकटेच?"

भिशीचं नाव निघालं आणि पुढचं सगळं तर्काला धरून झालं. दर महिन्याला चिठ्ठी निघेल. ज्याचं नाव येईल तो विर्योनोंची दाढी करेल. मधल्या काळात दाढी वाढायला हवी, सबब ती राखीव समजण्यात येईल आणि मालकासह कोणीही तिला हात लावणार नाही. विर्योनोंना घाम फुटला. घाबरलं की त्यांचा हात कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"एकमतानं मंजूर!" सास्त्रोसाहेब म्हणाले. "खुद्द विर्योनोंचासुद्धा पाठिंबा. याला म्हणतात त्याग."

त्या दिवसापासून पडवीतला आरसा उगाच लटकू लागला. दुपारच्या उकाड्यात गाल खाजत. खाजवावं तर कुंपणापलीकडून आवाज येई, "विर्योनोदादा, मंडळाची मालमत्ता आहे ती, जपून!" दुकानात जुनी गिऱ्हाइकं येत आणि म्हणत, "मालक कुठे गेले?" विर्योनो सकाळी नुसताच ब्रश पाण्यात भिजवत, नुसताच झटकत आणि परत ठेवून देत. त्यांना ते सुख इतकं आठवे की कधीकधी डोळ्यांत पाणी येई. सायकल दुकानदारानं दाढीसाठी रडावं हे त्यांना स्वतःलाही विचित्र वाटे, पण वाईट वाटायचं ते वाटेच.

बायको सुमीरा ऐकवायची संधी सोडत नसे. "अहो लारासचे बाबा, तुमचा चेहरा तुम्हाला परत कधी मिळणार? का त्याचीही चिठ्ठी निघते?"

अशात लारासचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. नेमकी लग्नाची तारीख अशी आली की तोवर महिन्याभराची दाढी तोंडभर माजली असती. लारास जेवताना भाजलेल्या टेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, तुकडा बापाच्या ताटात ठेवत म्हणाली, "बाबा, काझीसाहेबांसमोर माझे वली म्हणून, लेकीला देणारे म्हणून, तुम्हीच बसणार ना? त्यांचा हात हातात धरून?"

"मग दुसरं कोण बसणार?"

"मग मला माझे बाबा तिथे बसलेले हवेत. बाकी काही नको मला."

तिचे डोळे भरले होते. विर्योनो तसेच उठले आणि सास्त्रोसाहेबांकडे गेले. लग्नाच्या सकाळी आपली दाढी आपल्या हातानं करायची परवानगी द्यावी, एवढंच मागणं.

साहेबांनी सभा बोलावली. सभेला धक्काच बसला. राखीव दाढी स्वतः करणं हा वैयक्तिक स्वार्थ ठरत होता, आणि एकाला सवलत दिली तर उद्या बायूही आपला केस मागेल. पण मंडळ काही दगडाच्या काळजाचं नव्हतं. लारास गल्लीची लेक. तिच्या बापाची दाढी मंडळ करेल, लग्नाच्या मांडवातच करेल, ध्वनिक्षेपक लावून करेल! चिठ्ठी काढली तर दोन चिठ्ठ्या चिकटून आल्या. एक बायूची, एक खुद्द अध्यक्षांची. म्हणून उजवा गाल बायूला आणि डावा अध्यक्षांना देण्यात आला.

"आणि मधली हनुवटी?" सुमीरानं दारातून विचारलं.

"हनुवटीबाबत उपसमिती नेमली आहे, वहिनी."

लग्नाची सकाळ उजाडली. मांडवात फणसाच्या भाजीचा वास सुटलेला, जावयाकडची मंडळी सेमारांगहून येऊन बसलेली, आणि त्यांच्यासमोर खुर्चीत विर्योनो, गळ्यात टॉवेल, तोंडभर फेस. शेजारी ध्वनिक्षेपक. आधी खजिनदारांचं स्वागतपर भाषण झालं. मग फेस विभागप्रमुख बोलले. त्यात फेस वाळून त्याची पापडी झाली. पुन्हा फेस लावला. तुरटी विभागाचे विचार होईपर्यंत तोही वाळला. सेमारांगचे व्याही शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "यांच्यात ही रीतच असते वाटतं."

बायूनं आयुष्यात दाढी अशी पहिल्यांदाच जवळून पाहिली. रेझर टेकवायचा कुठून हेच त्याला कळेना. पण रेझर चांगला होता आणि वरून विर्योनो फेसाआडून पुटपुटत होते, "दाबू नकोस रे बाळा, नुसता सोड. हां, तसा. शाब्बास." उजवा गाल आणि उजवीकडची अर्धी हनुवटी स्वच्छ झाली. टाळ्या पडल्या. बायू आनंदानं रडायचाच बाकी होता.

मग डाव्या गालासाठी अध्यक्ष उभे राहिले. एका हातात रेझर, दुसऱ्या हातात भाषण. दाढीचा इतिहास अश्मयुगापासून सुरू झाला. तो लोखंडापर्यंत पोचलाही नव्हता, तोच काझीसाहेब आले. ते घाईत होते. त्यांना पुढचं लग्न दुसऱ्या गल्लीत लावायचं होतं.

"वली कुठे आहेत?"

"हे काय!" सगळे म्हणाले.

काझीसाहेबांनी उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. "दोघांपैकी कोण?"

मांडवात हशा उसळला. विर्योनोंनी घराच्या दाराकडे पाहिलं. दारात नवरीच्या वेशात लारास उभी होती आणि ती हसत नव्हती. विर्योनो उठले.

"साहेब, तो रेझर द्या इकडे."

"अहो, ठराव नाही झालेला!"

"ठराव तुम्ही करा. मी दाढी करतो."

त्यांनी रेझर घेतला. सुमीरा आधीच कढत पाण्याचा कप आणि वाटी घेऊन उभी होती. तिला बहुतेक सगळं आधीच कळत असे. विर्योनोंनी ब्रश फिरवला. घाई नाही. फेस दाटला, गालावर चढला, आणि महिन्याभरानं पुन्हा त्यांचे डोळे मिटले. रेझर टेकला आणि खाली आला. ध्वनिक्षेपक चालूच होता. कुर्र, कुर्र, असा तो आवाज कर्ण्यातून अख्ख्या गल्लीत गेला. स्वयंपाकीण झारा धरून थांबली. विर्योनोंच्या चेहऱ्यावर अशी काही तृप्ती पसरली होती की बघता बघता व्याह्यांचा हात आपल्या गालाकडे गेला. मग नवऱ्या मुलाचा. मग मावश्यांचे, मामांचे, स्वयंपाकिणीचा, आणि घाईत असलेल्या काझीसाहेबांचाही.

सास्त्रोसाहेबांनी मांडवभर नजर टाकली. इतक्या वर्षांची कचेरी वाया गेली नव्हती. ते ध्वनिक्षेपकात ओरडले, "वलींनी आपला डावा गाल आपण करावा! ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर!"

विर्योनोंनी तुरटी फिरवली, गाल चाचपला आणि काझीसाहेबांसमोर जाऊन बसले. निकाह लागल्यावर लारास त्यांच्या हातावर कपाळ टेकवून म्हणाली, "आता दिसले माझे बाबा." मग मात्र विर्योनो सरळ सगळ्यांसमोर रडले आणि कोणी त्यावर ठराव मांडला नाही.

ठराव डाव्या गालापुरता होता, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी मंडळानं त्यांना लेखी कळवली. उजवा पूर्ववत राखीव. तेव्हापासून विर्योनो रोज सकाळी पडवीत बसून डावा गाल करतात, अगदी पूर्वीच्याच सुखानं, आणि गिऱ्हाइकांशी त्याच बाजूनं बोलतात. सुमीरा जेवायलाही त्यांच्या डावीकडेच बसते. मंडळाच्या गल्लीत अर्धं सुख हातचं राहिलं म्हणजे पुष्कळ झालं, असं त्यांचं मत आहे.

मंडळ जोरात आहे. त्या दिवशी मांडवात ज्यांनी ज्यांनी गालावरून हात फिरवला ते सगळे नियमानुसार सभासद झाले. काझीसाहेब सल्लागार आहेत, व्याह्यांनी सेमारांगला शाखा काढली आहे, स्वयंपाकीण महिला आघाडी सांभाळते. तुटवडा अर्थातच वाढला आहे आणि दाट खुंट असलेल्या गालांचा दूरदूरवर शोध चालू आहे. आता हे वाचता वाचता तुमचाही हात गालावरून फिरला असेलच. नाही म्हणू नका, फिरतोच. आलात, आनंद झाला. सदऱ्याचं माप तेवढं कळवून ठेवा, आणि उद्या सकाळी दाढीला हात लावू नका.