दुपारचे चौऱ्याण्णव

गुरुवारी सकाळी गाडी सुरू करताच स्टिअरिंगमागे इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला, आणि निरीक्षकसाहेबांचा चेहरा खुलला. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. पण साहेबांनी महिन्यापूर्वी गाडीचे बिघाड वाचणारं यंत्र घेतलं होतं, आणि गाडी काही केल्या बिघडत नव्हती.

साहेब वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं दुकानांचे तराजू तपासून त्यांची एक खात्री झाली होती, की काटा दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. हे यंत्र म्हणजे तर काड्यापेटीएवढा निरीक्षकच. स्टिअरिंगखाली खोचलं की गाडीच्या संगणकातलं सगळं फोनवर ओकायचं. इंजिनाचा ताप, बॅटरीचा जोर, बिघाडाचा क्रमांक. प्रत्येक फेरी ते आपल्या पोटात साठवायचं आणि चालवणाऱ्याला शंभरपैकी गुणही द्यायचं.

खरं तर त्या गुणांसाठीच साहेबांनी ते घेतलं होतं. दोन महिन्यांपूर्वी सहा वर्षांच्या नातीला तळ्यावर नेताना त्यांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती. खांब मुळातच पुढे आलेला होता, असं साहेबांचं म्हणणं. मुलीचं म्हणणं निराळं होतं. "बाबा, तुमच्या गाडीत मी तिला परत बसवणार नाही," असं तिने तोंडावर सांगितलं. तेव्हापासून साहेब रविवारी सकाळी एकटेच तळ्यावर जाऊन एकटेच परत येत, आणि ते त्यांना फार लागलं होतं.

बुधवारी यंत्राने महिन्याची सरासरी दिली. अठ्ठ्याहत्तर! साहेबांनी तो आकडा तडक मुलीला पाठवला. तपशील उघडून पाहिला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं माप इतकं मनासारखं निघालं होतं, की ते पुन्हा तपासायची इच्छाच झाली नाही. मुलीचं उत्तर आलं, "बरं बाबा. रविवारी न्या तिला. पण गाडी धड असू दे."

आणि दुसऱ्याच दिवशी हा दिवा.

यंत्र म्हणालं, पेट्रोलच्या टाकीतून वाफ गळते आहे. साहेब बिघाडाचा क्रमांक कागदावर लिहून, खाली सही ठोकून मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने कागद न वाचताच टाकीचं झाकण चाचपलं आणि दोन आटे फिरवलं.

"झाकण सैल होतं, साहेब. पेट्रोल कुणी भरलं?"

"कुणी भरणार? महिन्यात मी पंपावर गेलोच नाही. गाडी ॲव्हरेजच तसं द्यायला लागलीय."

मिस्त्रीने साहेबांकडे जरा काळजीने पाहिलं. मग हात पुसून त्याने फोन मागितला आणि फेऱ्यांची यादी उघडली. "महिन्यात तेरा फेऱ्या आहेत."

"चार. चार रविवार."

"बाकीच्या नऊ मंगळवार-शुक्रवारच्या. दुपारी दोन ते तीन. कुठे जाता हो?"

दुपारी दोन ते तीन साहेब फक्त झोपत. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "जास्तीची चावी तुझ्याकडे असते ना रे?"

"म्हणजे मी चोर?" मिस्त्री भडकला. "गाडी चोरायची, पेट्रोल भरायचं आणि परत आणून लावायची? असा चोर मिळाला तर मलाही द्या पाठवून!"

मुद्दा बिनतोड होता, पण संशय एकदा घुसला की निघत नाही. शिवाय रविवारी गाडीत नात बसणार होती. शुक्रवारी जेवण होताच साहेब गुपचूप गाडीच्या मागच्या सीटवर आडवे झाले आणि अंगावर गाडीचं कव्हर ओढून घेतलं. मंगळवार-शुक्रवार बायको शेजारच्या पीटीच्या बाईंबरोबर वाचनालयात जायची, त्यामुळे घरात विचारणारं कुणी नव्हतं. साहेब श्वास रोखून चोराची वाट पाहू लागले. पण वेळ त्यांच्या झोपेची होती, आणि झोप काही चोरासाठी थांबली नाही.

जाग आली तेव्हा गाडी चालू होती. कुठे धक्का नाही, गचका नाही. एवढं सराईत चालवणारा चोर नक्कीच मुरलेला असणार, असं साहेबांना वाटलं. तेवढ्यात पीटीच्या बाईंचा कवायतीचा आवाज आला.

"छान! आता तिसऱ्यावर घ्या. परवाना मिळून दीड महिना झाला, आता तरी घरी सांगा."

"कशाला?" हा आवाज साहेबांच्या बायकोचा होता. "शिकते म्हटलं तर म्हणाले, तुला क्लच जमायचा नाही. पेट्रोलसुद्धा मोजून भरते मी, काटा हलला तर लगेच विचारतील. त्यांना गुण मिळालेत ना, त्या आनंदात राहू दे बिचाऱ्यांना."

"अगं, झाकण नीट लावत जा!" कव्हरखालून साहेब ओरडले.

गाडी करकचून थांबली. पीटीच्या बाईंनी तर शिट्टीच फुंकली.

संध्याकाळी साहेबांनी तपशील उघडला. दुपारच्या महिनाभरातल्या फेऱ्यांना चौऱ्याण्णव गुण होते. रविवारच्या फेऱ्यांना एक्केचाळीस. त्यांनी यंत्र काढून, फुंकर मारून पुन्हा लावलं. आकडे हलले नाहीत. लबाड दुकानदार पकडला गेला की "साहेब, काटाच बिघडलाय" म्हणायचा, आणि साहेब त्याला हसायचे. आता तेच वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं.

बायको म्हणाली, "अहो, सांगू नका कुणाला. मी काही बोलणार नाही. न्या तुम्ही तिला."

साहेबांना रात्रभर झोप लागली नाही. खांब पुढे आलेला नव्हता, हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं.

रविवारी मुलगी नातीला घेऊन आली. "बाबा, चावी कुठाय?"

"आईकडे," साहेब म्हणाले. "ते अठ्ठ्याहत्तर माझे नव्हते. माझे एक्केचाळीस." तीस वर्षांत एवढी अवघड तपासणी त्यांनी केली नव्हती. मुलगी आईकडे पाहतच राहिली. आईने चालकाच्या जागेवर बसून शांतपणे आरसा नीट केला.

साहेब मागे नातीशेजारी बसले. तिने त्यांचा हात धरला, तो तळं येईपर्यंत सोडला नाही. "आजोबा, तुम्ही का नाही चालवत?"

"मी तपासणीवर आलोय," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरोखरच बरं वाटलं.

परतल्यावर फोनवर गुण आले. अठ्ठ्याऐंशी.

"सहा कमी कसे गं?" बायको हिरमुसून म्हणाली. "काय लिहिलंय बघा ना."

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. अचानक ब्रेक, एकदा, दहा वाजून बारा मिनिटं. तळ्याच्या वळणावर शंभर पावलं लांब एक कुत्रं झोपलेलं पाहून मागून कुणीतरी "अगं, ब्रेक!" म्हणून किंचाळलं होतं, ती नेमकी तीच वेळ.

"काही नाही," साहेब फोन खिशात टाकत म्हणाले. "काटा जरा बिघडलाय."