नाइलाजाने लहान

देशाचं रक्षण ही फार मोठी गोष्ट असल्यामुळे ती फक्त मोठ्यांवर सोपवून चालत नाही, हे सत्य उशिरा का होईना, वरच्यांना उमगलं. लष्कराच्या कोठारांत कुठला सुटा भाग कुठल्या फळीवर निवांत पडला आहे, हे सांगणारी संगणकप्रणाली हवी होती. ते काम लहान उद्योगांसाठी राखून ठेवण्यात आलं. (लहान म्हणजे दहा माणसांच्या आतला. माणसं केवढी असावीत, याबद्दल परिपत्रक मौन पाळतं.)

जिन्याखालच्या दुकानात ताईने ती जाहिरात दोनदा वाचली. सकाळी लोकांचे रुसलेले संगणक समजावायचे आणि दुपारी गोदामवाल्यांसाठी प्रणाली लिहायच्या, हा तिचा धंदा. कुठलं पोतं कुठे आहे हे तिची प्रणाली इतकं बिनचूक सांगे, की गोदामवाले घरी हरवलेला चष्माही तिलाच विचारत. दुकानात तिघं: ताई, तिचा धाकटा भाऊ आणि वायरमनकाका. भावाला तारांना सोल्डर लावायला तिनेच शिकवलं होतं, त्याचा हात हातात धरून, अक्षर गिरवून घ्यावं तसं. आता त्या हाताला चौदाव्या मजल्यावरच्या बड्या कंपनीचं बोलावणं आलं होतं.

"हे काम मिळालं तर राहशील ना रे?" ताईने विचारलं.

"मिळालं तर कशाला जाऊ? तुझ्या शिव्यांची सवय झालीय," भाऊ म्हणाला. "पण नाही मिळालं तर अडवू नकोस, ताई. जिन्याखाली आता सगळ्यांचं पोट मावत नाही."

निविदा भरायचं ठरलं.

अटी अत्यंत वाजवी होत्या. पहिलं लष्करी काम मिळण्यासाठी आधीची तीन लष्करी कामं लागत. (ही अट 'नवोदितांना प्रोत्साहन' या शीर्षकाखाली होती.) वायरमनकाकांनी छावणीच्या फाटकावरची घंटा तीनदा दुरुस्त केली होती. ती तीनदा बिघडल्याबद्दल त्यांना प्रथमच समाधान वाटलं. मग संस्थेत नऊ अधिकारी हवे होते. ताई संचालक, गुणवत्ताप्रमुख आणि स्त्री-कर्मचारी प्रतिनिधी झाली. काका लेखापाल आणि तक्रार-निवारक झाले, आणि त्याच दिवशी त्यांनी चहाबद्दलची स्वतःची जुनी तक्रार निकाली काढली. उरलेली पदं भावाकडे गेली, त्यांत सुरक्षा अधिकारी हे मुख्य.

कारण एक गुप्त कक्ष हवा होता. अडगळीची खोली रिकामी करून तिला कुलूप लावण्यात आलं. पास असल्याखेरीज 'कोणालाही, पदाचा विचार न करता' आत सोडायचं नाही, असं अटीत ठळक अक्षरांत छापलं होतं. भावाने ते मनावर घेतलं.

"पास?" त्याने ताईला अडवलं.

"अरे, माझा डबा आत राहिलाय!"

"पासवर संचालकांची सही लागते."

"मीच आहे ना संचालक!"

"मग सही कर आणि ये. बाहेर कोण थांबवतंय तुला?"

"मेल्या, तू थांबवतोयस," म्हणत ताईने सही केली. ओठांत दाबलेलं हसू मात्र सहीच्या शेपटीतून निसटलंच.

लहान उद्योगांचा सत्तर टक्के वेळ आपण लहान आहोत हे सिद्ध करण्यात जातो आणि उरलेला आपण मोठे आहोत हे सिद्ध करण्यात. (पाहणी: वायरमनकाका.)

शेवटी दोनच निविदा उरल्या. मग तपासणी समिती आली. तिघं साहेब जिन्याखाली वाकून उभे राहिले.

"पास, साहेब?" भाऊ म्हणाला.

"अहो, आम्ही समिती आहोत! आम्ही पास घेत नसतो."

"ते दिसतंच आहे, साहेब. पण 'पदाचा विचार न करता' असं तुम्हीच लिहिलंय."

ताईने त्याला कोपराने ढोसलं. "सोड ना त्यांना आत! सगळ्यावर पाणी पडेल."

"आज सोडलं तर कुलूप कशाला लावलं, ताई?"

अर्धवट चिकटवलेली तार चालायची नाही, हे त्याला शिकवणारी तीच. तिने कोपर मागे घेतलं. साहेब वाकलेले होते तसेच निघून गेले.

दुसरा अर्जदार फारच गुणी निघाला. चौदाव्या मजल्यावरच्या बड्या कंपनीने या कामासाठी खास एक लहान कंपनी जन्माला घातली होती. भल्यामोठ्या काचेच्या दालनात एक चिमुकलं टेबल, त्यामागे साध्या सदऱ्यांतली तीन माणसं. (सदऱ्यांवर दुकानातल्या घड्या होत्या.) 'आमचा साधेपणा' ही चकचकीत पुस्तिका प्रत्येकाला देण्यात आली. गुप्त कक्षाचं दार सताड उघडं होतं. चहा तिथेच झाला.

अहवालात समितीने भेद नेमका टिपला: 'एक संस्था धोरण म्हणून लहान आहे. दुसरी नाइलाजाने लहान आहे. शिवाय दुसरीतील गुप्तता समितीपासूनही गुप्त राहिल्याने तिची खात्री पटली नाही.'

काम चौदाव्या मजल्यावर गेलं, तरी एक दार किलकिलं होतं. एका जरी सामान्य नागरिकाने महिन्याभरात हरकत घेतली, तर फेरतपासणी होणार होती. ओळभर पत्र पुरे होतं. (अर्जदार आणि त्यांचे नातलग या कलमापुरते नागरिक नव्हेत.) भावाने कंपनीला महिनाभर थांबवून धरलं. फेरतपासणीच्या पत्रासाठी ताई रोज पोस्टमनच्या आधी दारात उभी असे.

महिना सरला. भावाने सोल्डरिंगची सळई पुसून, गार करून, खुंटीला लावली. ताईने ती आठवडाभर हलवली नाही.

कुलपाशी इतका इमानी माणूस बाजारात दुसरा नसल्यामुळे कंपनीने त्याला सुरक्षा अधिकारीच नेमलं. पाहुण्यांसाठी दार उघडं धरणं, हे त्याचं काम. थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला.

"ताई, एक काम आहे. निम्म्या दरात. कुणाचं ते सांगता येणार नाही."

"सुटे भाग? फळ्यांवरचे?"

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

ताईने काम घेतलं. ते छान झालं, असं कळतं.

हरकतींचं जाहीर निवेदन सर्व वर्तमानपत्रांत आलं होतं, शब्दकोड्याच्या मागच्याच बाजूला. कोडी तर घरोघरी पूर्ण सुटली होती. एकही हरकत न आल्याने समितीने फाईल बंद करताना शेरा मारला: 'या निर्णयाबाबत जनता पूर्ण समाधानी आहे.' त्या जनतेत, वाचकहो, तुम्हालाही मोजलेलं आहे.