डाव्या खांद्यावरचा तीळ

लाइपझिगच्या नाताळ-वार्षिकात, म्हणजे दर नाताळला निघणाऱ्या सचित्र पुस्तकात, ओटिली वेंडलर यांचे कोरीव चित्र छापून आले. त्यात त्यांच्या उघड्या डाव्या खांद्यावर एक तीळ होता. चित्रासाठी बसताना मात्र त्यांनी हनुवटीपर्यंत बंद गळ्याचा झगा घातला होता.

त्यांचे पती ट्राउगोट हे फरचे व्यापारी. त्यांनी चित्र भिंगाखाली धरले. ठिपका खरवडून निघेना, म्हणजे तो शाईचा शिंतोडा नव्हे. येथवर त्यांचा तर्क बरोबर होता. ज्याने खांदा कोरला त्याने तो पाहिला असणार, हा पुढचा. वार्षिक काखेत मारून ते चित्र कोरणाऱ्या किलिआनकडे निघाले. तेथून घरी परतायचे की घटस्फोटासाठी वकिलाकडे जायचे, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होते. ओटिलीबाई टोपीची नाडी बांधत मागोमाग गेल्या.

"हा तीळ तुला कुठे दिसला?"

"कुठला तीळ, साहेब?"

"सोंग करू नकोस. हा तीळ मी डोळे मिटून दाखवीन."

किलिआनने मागच्या दोन वर्षांची चित्रे शेजारी मांडली: आधीची न्यायाधीशांची पत्नी, गेल्या वर्षीची ऑपेरातली गायिका. चेहरे निराळे होते. खांदे तेच, मोत्यांची माळ तीच, तीळही तेथेच.

"गिऱ्हाइकाचा फक्त चेहरा असतो," तो म्हणाला. "खांदे आमचे. पोलादी पत्र्यावरचं जुनं डोकं घासून काढायचं, नवं कोरायचं. अजून एकाही बाईंनी खांदे परत केले नाहीत."

मग त्याने पत्रा उजेडात धरला. खांद्यावर गंजाने पडलेला बारीक खळगा होता. त्यात शाई साचे.

ट्राउगोट मोकळेपणाने हसले आणि चित्राच्या आणखी सहा प्रती सांगून बसले.

"अहो," ओटिलीबाई म्हणाल्या, "माझ्या खांद्यावर तीळ नाहीच. मग तुम्ही डोळे मिटून दाखवणार होतात तो कोणाचा?"

ट्राउगोट यांना आठवेना. घरापर्यंत दोघे रस्त्याच्या दोन कडांनी चालले.

घरी ओटिलीबाईंनी पतीच्या कपाटातून गेल्या वर्षीचे वार्षिक काढले आणि टेबलावर उभे धरून नुसते सोडले. ते आपोआप गायिकेच्या पानावर उघडले. पानाच्या कडेला, डाव्या खांद्याच्या रेषेत, फर हाताळून तेलकट झालेल्या अंगठ्याचे ठसे एकावर एक पडले होते.