आनंदाची फेरवाटणी

गणिताच्या सरांचा सगळा जीव सकाळी नऊच्या तासात होता. बावीस वर्षं ते पहिल्या वर्षाच्या मुलांना खडूने हात पांढरे करून शिकवत होते आणि त्याबद्दल त्यांची काडीचीही तक्रार नव्हती. नेमकं हेच त्यांना भोवलं.

कॉलेजात नव्याने आलेल्या कर्मचारी अधिकारी बाईंनी शिक्षकांचा उत्साह मोजायला घेतला. प्रत्येकाला चार पानी फॉर्म दिला: आनंद कशात वाटतो, कंटाळा कशाचा येतो. सरांनी सरळ मनाने लिहिलं, आनंद नऊच्या तासाला, कंटाळा फॉर्म भरण्याचा.

सोमवारी नऊचा तास गणिताच्याच एका मॅडमकडे गेला. त्यांनी आनंदाच्या रकान्यात 'कशातच नाही' असं लिहिलं होतं.

"तुमच्याकडे उत्साह भरपूर आहे, सर," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "जिथे कमी आहे तिथे थोडा द्यायला नको का? आणि फॉर्मची तुम्हाला गोडी नाही, म्हणून दर महिन्याला सगळ्यांचे फॉर्म वाटायचं, गोळा करायचं काम तुमच्याकडे. लागेल हळूहळू."

सर मनातल्या मनात चरफडले. वर्गावरून जाताना आतून मॅडमची जांभई ऐकू यायची आणि त्यांना अगदी भडभडून यायचं. रागाच्या भरात त्यांनी प्राचार्यांना अर्ज खरडला: ज्याला ज्यात आनंद, त्याला तेच काम द्यावं. अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर पडला. तिथे पडलेला अर्ज पुन्हा उठल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, पण खरं लिहायला सांगितलं होतं कुणी?" ती म्हणाली. "आता उलटं लिहा."

पुढच्या महिन्याच्या फॉर्ममध्ये सरांनी मग हात आखडता घेतला नाही. शिकवणं म्हणजे शिक्षा, मुलं डोळ्यांसमोर नकोत. फॉर्म वाटणं, गोळा करणं, क्रमाने लावणं यात मात्र स्वर्गसुख. खाली झोकात सही ठोकली आणि घरी जाताना खडूची नवी पेटी घेतली.

सोमवारी बाईंनी बोलावलं.

"अभिनंदन, सर. तुमचा अर्ज मंजूर झाला. आजपासून ज्याला ज्यात आनंद, त्याला तेच काम, तेही कायमचं. तुमचा फॉर्म वाचून तर मला गहिवरूनच आलं."

सरांनी खिशातला खडू घट्ट धरला. "आणि नऊचा तास?"

"मॅडमना मुलांचा लळा लागलाय. या वेळी चार ओळी लिहिल्यात त्यांनी."

बाईंनी फॉर्मचा गठ्ठा पुढे सरकवला. सरांनी तो घेतला आणि सवयीने क्रमाने लावायला सुरुवात केली.