मासिकात माझा फोटो

माझा हात लागलेला चेहरा मासिकात झळकला नाही, असं आजवर झालेलं नाही! मी मेकअपवाली. त्यामुळे ‘प्रत्येक स्त्री सुंदर’ या खास अंकासाठी आलेल्या पाचही मुली गोऱ्या, बारीक, एका साच्यातल्या निघाल्या, आणि संपादकबाई हताश होऊन मला म्हणाल्या, “उद्या तुम्हीच उभ्या राहा,” तेव्हा मी घरी दवंडीच पिटली.

वर्गात ‘डांबर’ म्हणतात म्हणून माझी लेक रोज साबणाने घासघासून तोंड लाल करते. तिने विचारलं, “आई, आपल्यासारख्यांचे फोटो छापतात?”

“छापतात म्हणजे काय! बघच तू!”

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, तर माझ्याच पेटीत माझ्या रंगाचं काही नाही! डोळ्यांना लावायच्या तपकिरी पावडरी क्रीममध्ये कालवून रंग जमवला. कपडे एकाच मापाचे. मग झग्याची पाठ कापली आणि मागून चिमटे लावून मला त्यात कोंबलं.

“श्वास घेऊ नका!” फोटोग्राफर ओरडला.

“किती वेळ?”

“फोटो होईपर्यंत! आणि बाई दिसत नाहीयेत, अजून एक दिवा आणा रे!”

दिव्यांनी घाम फुटला, पावडर नाकात गेली आणि मला शिंक आली. चिमटे लाह्यांसारखे उडाले! एक दिव्यावर आदळला, दिवा फुटला आणि झगा माझ्या हातात आला. सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. दुसरं काय करणार?

संपादकबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी कालच्यातली सगळ्यांत बारीक मुलगी बोलावली. “हिला तुमच्या रंगाची करा.”

“माझ्या?”

“अहो, रंग कालवलाय ना? वाया कशाला घालवता!”

तिच्या गालाशी माझं मनगट धरून मी रंग जुळवला. हात सराईत! ती बिचारी हळूच म्हणाली, “ताई, हे निघेल ना?”

“निघेल गं. साबणाने निघतं.”

अंक आला. मी लपवणार होते, पण लेकीने आधीच हिसकावला. मुखपृष्ठावर आपला हात ठेवून ती बघतच राहिली. रंग तंतोतंत तोच.

“तू नाहीयेस. पण ही माझ्यासारखीच आहे की गं, आई! आणि छापलंय तिला! मला भेटव ना एकदा.”

त्या दिवशी पहिल्यांदाच ती साबण न लावता झोपली.

आता भेटवू कुणाला, कपाळ! ती बाई तर फोटो झाला त्याच संध्याकाळी स्टुडिओच्या बेसिनमधून वाहून गेली होती. नळ मीच सोडला होता!