सरळ रेषेतला जावई

नकाशा खात्यातल्या कारकुनाला ती कल्पना अर्धी दाढी झालेली असताना सुचली. उरलेली अर्धी तशीच ठेवून त्यानं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

त्याचे सासरे बस चालवायचे. शनिवारी त्यांची नोकरीतली शेवटची फेरी होती, तीही नेमकी जावयाच्या गावाहून त्यांच्या स्वतःच्या गावाला. बायकोनं केव्हाच ठरवून टाकलं होतं : ड्रायव्हरशेजारची पहिली सीट, आणि बाबा.

"सहा तास घाटात गरगरायचं कशाला?" कारकुनानं नकाशावर पट्टी ठेवली. "सरळ रेषेत बघ. विमानाला चाळीस मिनिटं. आपण आधी पोचू आणि बाबांची बस डेपोत शिरताना शूटिंग करू."

"अहो, मला ती बघायची नाहीये. मला तिच्यात बसायचंय."

"भावनेपुढं भूगोल विसरू नये," असं म्हणून त्यानं तिकिटं काढलीसुद्धा. (रद्द न होणारी.)

विमानतळ म्हणजे एक हॉल आणि एक काटा. आधी बॅगा तोलल्या, मग माणसं. विमानच तेवढं लहान.

"वजन जास्त होतंय," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "एक जण थांबेल का?"

सगळ्या प्रवाशांनी कारकुनाच्या पोटाकडे पाहिलं. पण बायकोनं पर्स उचललीही होती.

"मी थांबते. बस इथल्या फाटकावरूनच जाते."

"जागा मिळणार आहे का आता?"

"बाबांनी धरून ठेवलीय. विमानाचं मी त्यांना बोललेच नव्हते."

विमान चाळीसाव्या मिनिटाला उतरलं. कारकुनानं शेजाऱ्याला घड्याळ दाखवलं. शेजारी तिथली एकुलती एक टॅक्सी घेऊन निघून गेला.

"पुढची टॅक्सी?" त्यानं रखवालदाराला विचारलं.

"उद्या. विमान आलं की येते."

"आणि गाव?"

"बावीस किलोमीटर. संध्याकाळी एक बस जाते इथून. घाटातली."

ती कुणाची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोला फोन लावायला त्यानं दोनदा हात खिशात घातला. पण सांगणार काय? त्यापेक्षा तो चालत निघाला, अर्थातच सरळ रेषेत, शेतातून. रेषा कालव्यात शिरली. तिच्या मागोमाग त्याचा उजवा पायही शिरला. तो परत येऊन फाटकाशी बूट वाळवत बसला.

संध्याकाळी बस थांबली. पहिल्या सीटवर बायको, केस वाऱ्यानं विस्कटलेले, हसून हसून डोळ्यांत पाणी. सासऱ्यांनी दार उघडलं.

"चढा जावईबापू. सांभाळून."

बसायला जागा नव्हती. त्यानं वरचा दांडा धरला.

"कुठून आलास रे बाबा?" एका आजीबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी आरशातून बघत अभिमानानं, सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमचे जावई. वेळ वाचावा म्हणून विमानानं पुढं आले होते."

अख्ख्या बसनं त्याच्या ओल्या बुटाकडे पाहिलं.

"विमानवाले," कंडक्टर म्हणाला, "जरा मागं सरका."